सलग तिसरी पाळी

थोरल्या जावेचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता, पंपावर आणि रजिस्टरवर. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपहाउसमध्ये ती सव्वीस वर्षं ऑपरेटर होती. दर तासाला टाकीची पातळी बघायची, पंपाचं प्रेशर बघायचं, आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे आणि पाळी संपली की "चार्ज दिला" असं लिहून सही ठोकायची. पुढच्याने "चार्ज घेतला" असं लिहिल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढचा उगवलाच नाही तर दुसरी पाळीही आपणच करायची. पण सलग तिसरी पाळी कुणालाही द्यायची नाही, मग तो कितीही हातापाया पडो. तिसऱ्या पाळीत माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो, हे तिथल्या शिपायालासुद्धा माहीत होतं.

तिच्या धाकट्या दिराला आतड्याचा कॅन्सर झाला, तो यकृतापर्यंत गेला, हे सगळं तिला नवऱ्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. धाकट्या जावेशी तिचं बोलणं नव्हतं. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून दोघींचं बिनसलं होतं आणि नऊ वर्षं त्यांच्यात विस्तव जात नव्हता. शिवता दोघींनाही येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. यंत्र शेवटी भंगारात गेलं, भांडण मात्र दोघींनी नीट तेलपाणी करून चालू ठेवलं होतं.

पण आजारपण ते आजारपण. पाचव्या महिन्यात एका रविवारी फळांची पिशवी घेऊन ती नवऱ्याबरोबर दिराकडे गेली. बाहेरच्या खोलीत सात माणसं बसली होती. नणंदबाई मधल्या खुर्चीवर बसून कुणाच्या तरी चुलतसासऱ्याला काय खाऊन गुण आला ते सांगत होत्या. दीर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि धाकटी चहा करत होती. चहा पिऊन झाला की एकेक जण उठायचा, चेहरा लांब करायचा आणि म्हणायचा, काही लागलं तर सांग हं, अजिबात संकोच करू नकोस. हे वाक्य बोलायला काही पडत नाही, म्हणून तर ते जगभर इतकं खपतं. सांगायचं काय, कुणाला, किती वाजता, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही.

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. धाकटी कप धूत होती. धुतलेला कप तिने ओट्यावर ठेवला, मग तोच उचलून पुन्हा धुवायला घेतला. थोरलीने हे दोनदा पाहिलं आणि नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलली.

"तुझा रिलीव्हर कोण?"

धाकटीला काही कळेना. थोरलीने समजावून विचारलं, तुझ्या जागी कोण येतं, तू कधी सुटतेस. धाकटी म्हणाली, माझ्या जागी कोण येणार, नवरा माझा आहे. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून बसवायचं काम करायची. पाच महिने ती बिनपगारी रजेवर होती. सलग चार तास कधी झोपलीस, या प्रश्नावर तिने आठवून पाहिलं आणि सोडून दिलं. थोरलीने मनातल्या मनात हिशेब केला. दीडशे दिवस, दिवसाला तीन पाळ्या. साडेचारशे पाळ्या ही बाई एकटी काढत होती, आणि बाहेर सात माणसं चहा पीत होती. थोरलीचं डोकं फिरलं. तिचं डोकं फिरलं की ती ओरडत नसे, ती नियम काढत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवरून सुटून ती थेट दिराच्या घरी आली. काखेत नवं कोरं रजिस्टर होतं. तिने रेघा मारून रकाने पाडले: वेळ, ताप, औषध, खाणं, पाणी, सही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की केमोनंतर ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला की एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठायचं, म्हणून तापाचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला. मग तिने नातेवाइकांना फोन लावले. तुम्ही काल म्हणालात ना, काही लागलं तर सांग, तर सांगते. अमक्याने बुधवारी औषधं आणायची, तमक्याने शुक्रवारी चादरी धुवायला न्यायच्या. दोघांना अचानक पाठदुखी सुरू झाली, एक जण परगावी गेला तो आजतागायत परतलेला नाही. आजाऱ्याच्या खोलीत शिरायला घाबरणाऱ्या तिच्या स्वतःच्या नवऱ्याला तिने भांडी दिली. भाऊ डोळ्यांसमोर नसला तरी भाऊपण ओट्यापाशी निभावता येतं, असं तिने त्याला सुनावलं. तो मुकाट्याने घासू लागला. रोज तीन ते सहाची पाळी तिने स्वतःकडे घेतली.

धाकटी चार्ज द्यायला तयार नव्हती. पहिले तीन दिवस तिने सही केली, पर्स घेतली, दाराबाहेर पडली आणि जिन्याच्या वळणावर जाऊन बसली. आतून खोकला आला की धावत वर. चौथ्या दिवशी थोरलीने तिला तिथे पकडलं. चार्ज दिल्यावर पंपाशी घुटमळणाऱ्या माणसाला आमच्याकडे गेटबाहेर काढतात, असं ती म्हणाली. जिथे यांचा खोकला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी जा. कुठे, ते मला सांगूही नकोस.

धाकटी कुठे गेली ते संध्याकाळी तिच्या केसांनीच सांगितलं. ती ओली होऊन आली होती. चार गल्ल्या पलीकडे पोहण्याचा तलाव होता. शाळेत असताना ती पोहायची, लग्नानंतर सुटलं होतं. ती म्हणाली, "ताई, पाण्याखाली कुणाचंच ऐकू येत नाही. माझं मलासुद्धा नाही." त्या रात्री ती नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर पाच तास झोपली, असं दुसऱ्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये दिराने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. रकाना नव्हता, त्याने समासात लिहिलं होतं.

हा दीर लिफ्टचा मेकॅनिक. अंगात हाडं उरली होती, जीभ मात्र शाबूत होती. नणंदबाई देवाच्या मर्जीविषयी बोलू लागल्या की तो म्हणायचा, मी वर जाणार तो जिन्यानेच जाणार, लिफ्टचा मला भरवसा नाही, त्या मी बसवल्यात. बायको ओल्या केसांनी आत आली की तो उशीवरून मान उचलून बघायचा. किती फेऱ्या झाल्या, असं विचारायचा. बारा म्हटल्यावर, उद्या चौदा कर, असं बजावायचा.

गावभर व्हायचं ते झालंच. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि ही पोहायला जाते! नणंदबाईंनी तर थोरलीला फोन करून विचारलं, वहिनी, लोक काय म्हणतील. थोरलीने शांतपणे सांगितलं की लोकांनी मंगळवारी तीनची पाळी घ्यावी, मग काय ते म्हणावं.

पाच आठवडे हे सुरळीत चाललं. मग तो मंगळवार आला, आणि त्या दिवशी जे झालं त्याचा दोष देता येईल असं थोरलीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

पंपहाउसच्या रजिस्टरला एक जुनी कीड असते. पंप नीट चालू असला की आकडे तासनतास तेच राहतात. मग माणूस काय करतो, चारचा आकडा साडेतीनलाच लिहून ठेवतो, जमलं तर पाचचाही लिहितो आणि पाय लांब करतो. थोरलीने आयुष्यात दोन जणांना असे आगाऊ आकडे भरताना पकडून दिलं होतं. तिथे नियम होता, खोट्या आकड्याला सात दिवस घरी. ती दोघांना म्हणाली होती, पाणी गेलं असतं तर शहराने तुमचा आकडा प्यायचा होता काय.

त्या मंगळवारी पंपहाउसमधली तिची पाळी पहाटेपासूनची होती. दुपारी साडेतीनला तिने दिराला थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दीर गाढ झोपला होता, तीन दिवसांत प्रथमच. चारला त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं. तिच्याही पापण्या जड झाल्या होत्या. हाताला सव्वीस वर्षांची सवय होती, आणि त्या हाताने चारसमोर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं, पाचसमोरही तेच लिहिलं. मग ती खुर्चीत मान टाकून बसली.

सहाला धाकटी आली, ओल्या हाताने तिने नवऱ्याच्या कपाळाला स्पर्श केला आणि हात झटकन मागे घेतला. ताप एकशे दोनच्या पुढे होता. त्याचे दात वाजत होते आणि तो हाकेला ओ देत नव्हता. टॅक्सी, हॉस्पिटल, सलाईन, अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. ते सहज म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

कॉरिडॉरमध्ये धाकटीच्या हातात रजिस्टर होतं. केसांचं पाणी अजून पाठीवर उतरत होतं. तिने पान उघडून थोरलीसमोर धरलं.

"पाच वाजता लावला होता का?"

खोटं बोलायला पुरेसा वेळ होता. ताप तासाभरातही चढतो, कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. थोरली म्हणाली, "नाही. चारलाही नाही."

धाकटीने रजिस्टर मिटलं. "उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून आत गेली. नणंदबाई तिथेच होत्या. न बोलता जे सुचवायचं ते त्यांनी भरपूर सुचवलं.

थोरली घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही आणि रडलीही नाही. नवऱ्याने समजूत घालायला तोंड उघडलं, तर तिने त्याला थांबवलं. खोट्या आकड्याला सात दिवस घरी, हा नियम तिने दुसऱ्यांना लावला होता, आता स्वतःला लावला. सात दिवस ती त्या दारात गेली नाही. पंपहाउसमध्ये मात्र जात होती, आणि दर तासाला आकडा समोर असतानाही दोनदा बघून लिहीत होती. रोज संध्याकाळी नवरा बातमी आणायचा. ताप उतरला. पाचव्या दिवशी घरी सोडलं. पुढचा केमो लांबणीवर पडला. धाकटी कुणालाच घरात घेत नाही, भांडीसुद्धा तिने माझ्या हातातून काढून घेतली, असं सांगताना त्याचा चेहरा पडला होता.

थोरलीने पुन्हा हिशेब केला. दिराचं दुखणं बरं होणारं नव्हतं, लांबणारं होतं. डॉक्टर महिने म्हणत होते, कदाचित वर्ष. तेवढं सगळं ती पोरगी एकटीने ओढणार आणि मध्येच कुठेतरी मोडून पडणार, आणि त्याला कारण आपले दोन खोटे आकडे. शरम वाटून घरी बसणं सोपं होतं. सोप्या गोष्टी तिला कधीच जमल्या नाहीत.

आठव्या दिवशी, बरोबर तीनला, तिने दिराची बेल वाजवली. येऊ नका म्हटलं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं.

धाकटीने दार अर्धंच उघडलं. तिचा कुर्ता उलटा होता, शिवण बाहेर आली होती. आतून काहीतरी करपल्याचा वास येत होता. ती म्हणाली, "कशाला आलात?"

"लाल पेन घेऊन आलेय," थोरली म्हणाली. "माझे दोन आकडे खोडायचे आहेत. तेवढं करू दे, मग हाकल."

चूक खोडायची ती लाल शाईनेच आणि ज्याची त्याने, खाली सहीनिशी, हाही पंपहाउसचाच नियम. धाकटी बाजूला झाली. थोरलीने आत जाऊन आधी गॅस बंद केला, भांड्यातलं पाणी केव्हाच आटून गेलं होतं. मग टेबलावरचं रजिस्टर उघडलं. मंगळवारचं पान काढलं, दोन्ही आकड्यांवर लाल रेघ मारली, बाजूला लिहिलं, "पाहिलं नाही. खोटं लिहिलं," आणि सही केली. पान उलटताना तिची नजर पुढच्या दिवसांवर गेली आणि तिथेच थांबली.

हॉस्पिटलातून आल्यानंतरची पानं धाकटीच्या अक्षरात होती. पहिला दिवस चांगला होता, आकडे कमीजास्त, शाई कुठे फिकट कुठे गडद. कालच्या पानावर मात्र दोनपासून सातपर्यंत सहा आकडे एकाखाली एक सरळ रांगेत उभे होते. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, सहाच्या सहा. त्याच शाईत, त्याच तिरक्या अक्षरात, एका दमात. असली पानं थोरलीने सव्वीस वर्षं वासावरून ओळखली होती. जिवंत माणसाचा ताप पाच तास असा सावधान उभा राहत नाही.

तिने बोट त्या रांगेवर ठेवलं.

धाकटीने त्या बोटाकडे पाहिलं. मग ती सरळ खाली फरशीवरच बसली. "दोनला लावला," ती म्हणाली. "मग त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. संध्याकाळचं औषध चुकलं होतं. मी आधी ताप नाही बघितला, ताई. मी आधी रकाने भरले. कुणी बघू नये म्हणून. या घरात बघायला आहे कोण, तरी भरले."

"आणि ताप?"

"नव्हता."

"तुझं नशीब, नव्हता. माझ्या वेळी होता. आपल्या दोघींत फरक तेवढाच."

धाकटी रडायला लागली. पाच-सहा महिन्यांचं साठलेलं होतं, ते आवाज करत आलं. थोरलीला जवळ घेणं वगैरे जमत नसे. ती तिच्या शेजारी फरशीवर बसली, गुडघे कुरकुरले तरी बसली, आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. मी चुकले ते चुकले, ती म्हणाली, पुन्हा चुकणार नाही अशी शपथही घेत नाही, माणूस आहे. पण तू एकटी राहिलीस तर नक्की चुकशील, रोज चुकशील, आणि तुझी चूक पकडायला घरात दुसरं माणूस नसेल.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दिराचा.

"वहिनी, तुम्हा दोघींच्या रजिस्टरप्रमाणे मी एकदम ठणठणीत आहे. ते डॉक्टरांना दाखवा. मी उद्या कामावर जातो."

दोघी आत गेल्या. तो पूर्वीपेक्षाही बारीक झाला होता, डोळे तेवढे मोठे दिसत होते. आपल्याला सगळं ऐकू येतं, आपण आजारी आहोत, बहिरे नाही, असं त्याने आधी बजावलं. मग रजिस्टर मागवलं. यापुढे आकडा मी बघितल्याशिवाय कुणी लिहायचा नाही, तो म्हणाला. झोपलो असलो तरी उठवायचं, शिव्या खायच्या आणि माझी सही घ्यायची. ज्याचा ताप, त्याची सही. थोरलीला तो नियम इतका पटला की पंपाला सही करता येत नाही याचं तिला प्रथमच वाईट वाटलं.

मग तो बायकोकडे वळला. "आठवडाभर तुझे केस कोरडे बघतोय," तो म्हणाला. "घरात माझं एक टक्कल पुरे. मला भिजलेली बायको हवी. जा."

धाकटी उभीच होती. तिची नजर नवऱ्यावरून थर्मामीटरवर, तिथून थोरलीवर गेली. तुमच्यावर विश्वास कसा ठेवू, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. थोरलीनेही ते वाचलं. "माझ्यावर ठेवू नकोस," ती म्हणाली. "यांच्या सहीवर ठेव."

धाकटीने पेन घेतलं. आधी कालच्या सहा आकड्यांपैकी पाच लाल शाईने खोडले, सही केली. मग आजच्या पानावर वेळ लिहिली, तीन वाजून चाळीस मिनिटं, आणि खाली, "चार्ज दिला." कुर्ता सरळ करून तिने पिशवी उचलली. दार उघडलं तर समोर नणंदबाई, हातात फळं. पिशवीतून टॉवेल डोकावत होता. नणंदबाईंनी टॉवेलकडे पाहिलं, मग भावजयीकडे, आणि विचारलं, इतकं होऊनही?

"इतकं झालं म्हणूनच," धाकटी म्हणाली आणि जिना उतरून गेली. वळणावर ती थांबली नाही. थोरली कान देऊन ऐकत होती, पावलं खालपर्यंत गेली.

नणंदबाई आत येऊन नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीकडे निघाल्या. थोरलीने त्यांच्या हातातली फळं काढून घेतली आणि त्या हातात थर्मामीटर ठेवला. चारचा आकडा तुमचा, ती म्हणाली, भाऊ तुमचाही आहे. नणंदबाई म्हणाल्या, मला भीती वाटते गं. पहिल्यांदाच त्या काहीतरी खरं बोलल्या होत्या, म्हणून थोरलीने त्यांना हाताला धरून आत नेलं. चारला नव्याण्णव पॉइंट एक भरला. दिराने बहिणीला एक शिवी दिली, सही केली आणि पाणी मागितलं. पाचला अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ, थोरलीने लावला, त्याने सही केली. नणंदबाई तोवर घरी गेल्या नव्हत्या. त्या ओट्यावरचं करपलेलं भांडं घासत होत्या.

सहा वाजले. धाकटी आली नाही. थोरली घड्याळाकडे बघत होती, दीर दाराकडे बघत होता आणि दोघेही बघत नसल्याचं दाखवत होते. सहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. ती निथळत होती, डोळे लाल झाले होते, धाप अजून ओसरली नव्हती. ती सरळ खाटेपाशी गेली, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"किती?" त्याने विचारलं.

"वीस."

थोरलीने तिच्याकडून "चार्ज घेतला" लिहून घेतलं. मग लाल पेन उघडून शेरा लिहिला, कारण नियम म्हणजे नियम: रिलीव्हर दहा मिनिटं उशिरा. कारण, पोहत होती. दिराने रजिस्टर मागून घेतलं, शेरा दोनदा वाचला आणि त्याखाली, वाकड्या पण पूर्ण अक्षरांत, सही केली.